सर्पगंधेचं मूळ : औषध केव्हा, अपाय केव्हा

आरे-वाऱ्याहून आम्ही बोलतोय. भात लावून झालेल्या, काजूच्या बिया वाळत घालणाऱ्या, मासळी विकून आत्ताच घरी टेकलेल्या, सगळ्याजणींना नमस्कार. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आजचा विषय आहे सर्पगंधा. तो निवडण्याचं कारण तुम्हीच आहात. बचत गटांच्या बैठकांत हल्ली तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पहिला, बीपीच्या गोळीऐवजी सर्पगंधेचं मूळ घेतलं तर चालेल का? दुसरा, रात्र रात्र झोप लागत नाही, जीव घाबरा होतो, त्यावर ती पूड घ्यावी का? आणि तिसरा, परसात लावून विकली तर गटाला चार पैसे मिळतील का? तिन्ही प्रश्नांची उत्तरं आम्ही शेवटी देणार आहोत. पण नुसतं हो किंवा नाही सांगून भागणार नाही. हे मूळ अंगात जाऊन करतं तरी काय, ते एकदा समजलं, की उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

झाड कसं ओळखायचं

सर्पगंधा हे लहान झुडूप. गुडघ्याएवढं, फार तर कमरेपर्यंत. सावलीच्या, ओलसर रानात, मोठ्या झाडांच्या आडोशाला वाढणारं. आपल्याकडे कुणी तिला अडकई म्हणतं, कुणी हरकी. एका पेरावर बहुधा तीन पानं, चक्रासारखी बसलेली. पान वरून गर्द हिरवं, चकचकीत आणि खालून फिकट. फुलं पांढरी, गुलाबी छटेची, पण त्यांचे देठ लाल, म्हणून तुरा लांबूनही डोळ्यांत भरतो. फळं वाटाण्याएवढी, आधी हिरवी, पिकली की जांभळट काळी. मूळ वेडंवाकडं, पिवळट तपकिरी सालीचं आणि जिभेला लावलं तर कडूजहर.

हे झाड कुणाच्या घरातलं? कण्हेर, चाफा, सदाफुली, सातवीण आणि आपलं करवंद, ही सगळी एकाच कुळातली. आता बघा, करवंदं आपण टोपल्या भरून खातो आणि त्याच घरातल्या कण्हेरीची पानं गुराने खाल्ली तर गुरू दगावतं. तेव्हा 'झाडपाल्याचंच आहे, अपाय कसला होणार?' हे म्हणणं या कुळाच्या बाबतीत तरी मुळीच खरं नाही. अपायही झाडपाल्यातच आहे आणि औषधही झाडपाल्यातच आहे. सदाफुलीतूनच तर रक्ताच्या कर्करोगावरची औषधं निघाली.

एक सांगायलाच हवं. नावात सर्प आहे म्हणून साप चावल्यावर हे मूळ उगाळून देण्याची चाल जुनी आहे. मुंगूस सापाशी लढण्याआधी याचा पाला खातं, अशी गोष्टही सांगतात. पण सापाचं विष उतरवण्याची ताकद या मुळात नाही. आपल्या रत्नागिरीच्या कातळांवर फुरसं आहे, रानात मण्यार, घोणस आणि नाग आहेत. यांतला कुठलाही चावला, तरी विषावर उतारा एकच, प्रतिविषाची लस, आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते. मूळ उगाळण्यात गेलेली पंधरा मिनिटं माणसाच्या जिवावर बेततात. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, करकचून बांधू नका, कापू नका, चोखू नका. १०८ला फोन करा नाहीतर मिळेल त्या गाडीने निघा.

मुळात दडलंय काय

चहाने तरतरी येते ती कॅफिनमुळे आणि तंबाखूची तलफ येते ती निकोटिनमुळे, हे आपण ऐकलेलं असतं. अशा पदार्थांना अल्कलॉइड म्हणतात. झाड ते स्वतःसाठी बनवतं, किडीने आणि गुरांनी खाऊ नये म्हणून. बहुतेक अल्कलॉइड कडू असतात आणि थोड्या मात्रेतही अंगावर परिणाम करतात. सर्पगंधेच्या मुळात असे पन्नासांहून जास्त अल्कलॉइड सापडलेत. त्यांचा मोठा भाग असतो मुळाच्या सालीत.

ते वेगळे काढण्याचं काम आपल्याच देशात सुरू झालं. दिल्लीत हकीम अजमल खान यांनी तिब्बिया कॉलेज उभं केलं होतं. तिथल्या सलीमुज्जमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञांनी १९३१मध्ये या मुळातून अल्कलॉइड वेगळे केले. त्यांतल्या एकाला त्यांनी हकीमसाहेबांचं नाव दिलं, अजमलीन. त्याचा उपयोग पुढे हृदयाच्या ठोक्यांच्या आजारात झाला. त्याच वर्षी, १९३१मध्येच, कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहून ठेवलं, की हे मूळ दोन गोष्टींवर चालतं, वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर. बिहारकडे तर ही मुळी वेडावरचं औषध म्हणूनच विकली जायची. लोकांना गुण ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हतं.

खरा कारभारी सापडला १९५२मध्ये. स्वित्झर्लंडमध्ये बासेल नावाचं शहर आहे, तिथल्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळातून एक पांढरट, स्फटिकासारखा पदार्थ काढला. त्याचं नाव ठेवलं रिसर्पिन. मन शांत करणं आणि रक्तदाब उतरवणं, या दोन्ही कामांचा मुख्य वाटा या रिसर्पिनचा.

आता थोडा हिशोब करू. गटाचा जमाखर्च आपणच लिहितो, तेव्हा हाही हिशोब आपल्याला जमेल. रक्तदाबासाठी रिसर्पिनची गोळी द्यायचे ती पाव मिलिग्रॅमची, नाहीतर त्याहूनही लहान. पाव मिलिग्रॅम म्हणजे किती? एका ग्रॅमचे चार हजार भाग केले, तर त्यातला एक भाग. मिठाचा एखादा कण घ्या, तेवढंच. सर्पगंधेच्या चांगल्या मुळात हजार भागांत साधारण एक-दीड भाग रिसर्पिन असतं. म्हणजे एक ग्रॅम पुडीत एक ते दीड मिलिग्रॅम, म्हणजेच चार ते सहा गोळ्यांइतकं. आणि चहाचा चमचा भरून पूड घेतली तर? दोन-तीन ग्रॅम पूड सहज बसते. सगळं मिळून आठ-दहा ते अठरा गोळ्यांइतकं रिसर्पिन एका चमच्यात गेलं! पुडीतलं सगळंच अंगाला लागतं असं नाही. पण सालीसकट कुटलेलं मूळ, सालीशिवाय कुटलेलं मूळ, एका वर्षाचं मूळ, तीन वर्षांचं मूळ, या रानातलं आणि त्या रानातलं, प्रत्येकाचा जोर वेगळा. गोळीवर मात्रा छापलेली असते, चमच्यावर काही छापलेलं नसतं. मुळी आणि गोळी यांतला पहिला मोठा फरक हाच.

मुंबईचे डॉक्टर वकील

या मुळाची गोष्ट जगभर पोचली ती आपल्या मुंबईतून. परळच्या केईएम रुग्णालयात डॉक्टर रुस्तम जाल वकील हृदयविकारावर काम करत. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर धड औषधच नव्हतं. डॉक्टर सांगत, विश्रांती घ्या, मीठ सोडा आणि देवावर भरवसा ठेवा. डॉक्टर वकीलांनी सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या रक्तदाबाच्या ५० रुग्णांना दिल्या. प्रत्येकाचा रक्तदाब आधी मोजला, औषध चालू असताना मोजला, नंतर मोजला, आणि सगळं नीट लिहून ठेवलं. बहुतेकांचा रक्तदाब खाली आला. १९४९मध्ये हा अनुभव त्यांनी इंग्लंडच्या ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. मग अमेरिकेतले डॉक्टर जागे झाले, कंपन्या जाग्या झाल्या. १९५७मध्ये अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार डॉक्टर वकीलांना मिळाला.

मैत्रिणींनो, यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. डॉक्टर वकीलांनी जुन्या औषधाला नावं ठेवली नाहीत आणि डोळे मिटून त्यावर विश्वासही ठेवला नाही. त्यांनी मोजलं. पन्नास माणसं, मोजलेली मात्रा, मोजलेला रक्तदाब. आजी सांगायची ते खरं की खोटं, हे भांडून ठरत नाही, ते मोजून ठरतं.

कणगीचं दार

आता मुख्य गोष्ट. मूळ पोटात जातं आणि मन शांत होतं, हे होतं कसं?

आपल्या मेंदूत आणि सगळ्या अंगात नसांचं जाळं आहे. एक नस दुसऱ्या नसेला निरोप देते, तो रसायनांच्या हातून. त्यांतली तीन नावं लक्षात ठेवा, सेरोटोनिन, डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन. सेरोटोनिनचा संबंध मनःस्थितीशी आणि झोपेशी. डोपामिनचा संबंध हालचालीशी आणि हुरुपाशी, म्हणजे 'चला, हे करूया' असं वाटण्याशी. नॉरॲड्रेनलिन हे घाईचं, धावपळीचं रसायन. त्याने छाती धडधडते, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो.

ही रसायनं नसेच्या टोकाला बारीक बारीक पिशव्यांमध्ये भरून ठेवलेली असतात. आपण कणगीत भात भरून ठेवतो ना, तसंच. निरोप द्यायचा झाला की कणगीतलं मूठभर बाहेर टाकायचं, उरलेलं परत आत भरायचं. हे भरण्याचं काम कणगीच्या दाराशी बसलेला एक हमाल करतो. रिसर्पिन काय करतं, तर या हमालाचे हातच धरून ठेवतं. मग भात आत जात नाही, बाहेर उघड्यावर राहतं. उघड्यावरच्या भाताचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, उंदीर-घुशी फस्त करतात. नसेमध्येही असंच होतं. उघड्यावर राहिलेलं रसायन मोडून टाकणारे पदार्थ तिथे तयारच असतात. हळूहळू कणग्या रिकाम्या होतात. निरोप द्यायला हातात काही उरत नाही.

नॉरॲड्रेनलिन आटलं की रक्तवाहिन्या सैलावतात, ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो. मनातली धावपळही कमी होते. घाबरलेला, खवळलेला माणूस निवतो. गुण आला तो असा.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. एक म्हणजे, कणग्या एका रात्रीत रिकाम्या होत नाहीत. म्हणून मुळाचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे लागतात. 'कालपासून घेतेय, काहीच फरक नाही' म्हणून बाई दुसऱ्या दिवशी चमचा दोन करते, आणि पंधरा दिवसांनी सगळा परिणाम एकदम अंगावर येतो. दुसरी म्हणजे, हमालाचे धरलेले हात रिसर्पिन सहजी सोडत नाही. शरीराला नवे हमाल घडवावे लागतात. म्हणून औषध बंद केलं, तरी परिणाम पुढे कितीतरी दिवस रेंगाळतो. आज चूक झाली आणि उद्या थांबवलं, म्हणजे परवा बरं वाटेल, असं या मुळाचं नाही.

निवलेली माकडं आणि गप्प ससे

रिसर्पिन निघाल्यावर शास्त्रज्ञांनी ते जनावरांना देऊन बघितलं. पिंजऱ्यात चावायला धावणारी माकडं शांत झाली. ती झोपलेली नव्हती, जागी होती, पण त्यांचा त्वेष गेला होता. त्याआधीची औषधं माणसाला गुंगी आणून झोपवायची. हे वेगळंच होतं. जागं ठेवून शांत करणारं. अमेरिकेत डॉक्टर नेथन क्लाइन यांनी १९५०नंतरच्या त्या वर्षांत न्यूयॉर्कजवळच्या मोठ्या मनोरुग्णालयात ते वापरलं आणि १९५४मध्ये आपला अनुभव छापला. वर्षानुवर्षं आरडाओरडा करणारे, कोंडून ठेवावे लागणारे रुग्ण निवू लागले, बोलू लागले. त्या काळातल्या मनोरुग्णालयांत माणसांना बांधून, कोंडून ठेवण्यापलीकडे हाती फारसं काही नव्हतं, हे लक्षात घेतलं की यातला दिलासा कळतो. आपल्या रत्नागिरीतही प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे आज बाह्यरुग्ण विभागात जाऊन, औषध घेऊन, संध्याकाळी घरी परत येता येतं. मनाच्या आजारावर गोळी असू शकते, हा विश्वास जगाला ज्या पहिल्या औषधांनी दिला, त्यांत आपल्या या कडू मुळाचा वाटा आहे.

पण आता ससे बघा. १९५७मध्ये स्वीडनच्या अरविद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. ससे एका जागी बसून राहिले. कान पडलेले, हलणं नाही, खाणं नाही. मग कार्लसननी त्यांना असा पदार्थ टोचला, ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. यातून कळलं, की हालचालीला डोपामिन लागतं, आणि म्हाताऱ्या माणसांचे हात कापतात, अंग ताठरतं, त्या पार्किन्सनच्या आजारात हेच कमी पडतं. त्या आजारावरचं आजचं मुख्य औषध याच वाटेने आलं. कार्लसन यांना २०००मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

सशांची गोष्ट शास्त्राच्या कामाची आहेच, पण आपल्याही कामाची आहे. कारण शांत होणं आणि विझून जाणं, यात एक बारीक रेघ आहे. कणगी थोडी उतरली तर शांतता, अगदी तळाला गेली तर विझणं. जी तीन रसायनं मनाची घाई करतात, तीच मनाला उभारीही देतात. रिसर्पिन निवडून फक्त घाई काढत नाही.

औषधाची दुसरी बाजू

रिसर्पिन जगभर वापरात आल्यावर थोड्याच वर्षांत डॉक्टरांना दिसू लागलं, की काही रुग्णांचं मन काळवंडतं. कशात रस वाटत नाही, रडू येतं, पहाटे जाग येते, जगू नये असं वाटतं. मात्रा जास्त असली किंवा आधी कधी नैराश्य येऊन गेलेलं असलं, की हा धोका अधिक. कमी मात्रेत तो किती, यावर शास्त्रज्ञांत पुढे बराच वाद झाला. पण पूर्वी नैराश्य आलेलं असेल त्या माणसाला हे औषध देऊ नये, हा नियम कायम राहिला.

याशिवायचे परिणामही ऐका. नाक चोंदतं. सुस्ती येते. वाईट स्वप्नं पडतात. ठोके मंदावतात, एकदम उठलं की चक्कर येते. जुलाब होतात, पोटात आम्ल वाढतं आणि अल्सर असेल तर तो चिघळतो. जास्त दिवस, जास्त मात्रा गेली तर हातापायांत ताठरपणा येतो. गरोदर बाईने घेतलं तर ते बाळापर्यंत पोचतं. जन्मलेल्या बाळाचं नाक चोंदलेलं, बाळ मलूल, नीट दूध न ओढणारं, असं डॉक्टरांनी पाहिलंय. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधातूनही ते उतरतं.

हे सगळं आम्ही घाबरवायला सांगत नाही. सांगतोय एवढ्यासाठी, की बाईच्या बाबतीत हे परिणाम ओळखूच येत नाहीत. सुस्त झाली, तर 'आळशी झाली'. रडली, तर 'नखरे'. गप्प बसली, तर 'आता कुठे शहाणी झाली'. घरात कुणाच्या मनात येत नाही, की ही सकाळ-संध्याकाळ कसली तरी पूड घेतेय, तिचा हा परिणाम असेल. आणि ती स्वतःही म्हणते, 'माझं नशीबच असं'. मैत्रिणींनो, गटातली एखादी पूर्वी बोलकी होती आणि महिन्याभरात विझत चाललीय असं दिसलं, तर तिला दोन प्रश्न जरूर विचारा. 'मनाला कसं वाटतंय?' हा पहिला. आणि 'कुठलं औषध, चूर्ण, काढा नवीन सुरू केलायस का?' हा दुसरा. दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारतच नाही.

आता तुमचे तीन प्रश्न

पहिला, बीपीच्या गोळीऐवजी मूळ चालेल का? नाही. मूळ खोटं आहे म्हणून नाही, तर मूळ खरं आहे आणि त्याची मात्रा आपल्या हातात नाही म्हणून. आज रक्तदाबावर अशी औषधं आहेत, जी मनाच्या कणगीला हात लावत नाहीत. ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. रक्तदाब १४०/९०च्या वर वारंवार येत असेल तर तो वाढलेला समजतात, आणि त्याचं दुखत-खुपत काहीच नाही, म्हणूनच तो मोजावा लागतो. डोकं दुखलं की गोळी आणि थांबलं की बंद, असं करू नका. चालू गोळी मध्येच सोडून मूळ घेणं वाईट, आणि गोळीबरोबर गुपचूप मूळ घेणं त्याहून वाईट, कारण दोन्ही मिळून रक्तदाब आणि ठोके एकदम खाली आणू शकतात. वैद्यांकडून सर्पगंधेचं औषध चालू असेल, तर ते वैद्य शिकलेले, नोंदणी असलेले आहेत ना ते बघा, आणि डॉक्टरांनाही तसं सांगा. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायलाच हवं. आणि हो, रक्तदाबासाठी आपल्या हातात असलेला उपाय ताटातच आहे. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यापेक्षा कमी मीठ. आपल्या घरात ते आमटीपेक्षा सुकट-बोंबील, खारं लोणचं आणि पापडांतून जास्त जातं. सुकी मासळी दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या आणि मग आमटीत वेगळं मीठ घालू नका.

दुसरा, झोप लागत नाही, जीव घाबरा होतो, तर पूड घ्यावी का? आधी बघायचं, झोप का लागत नाही. कर्जाची काळजी, घरातली मारहाण, पाळी जाण्याचं वय, थायरॉइड, संध्याकाळचे चार चहा, की नैराश्य? झोप उडणं हे नैराश्याचं मोठं लक्षण आहे, आणि नैराश्यात हे मूळ घेणं म्हणजे आधीच तळाला गेलेली कणगी आणखी खरवडणं. म्हणून या कारणासाठी स्वतःहून मुळीच घेऊ नका. मनाबद्दल बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. नंबर घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. जगणं नको झालंय असं कुणी म्हणालं, तर तिला एकटी ठेवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जा.

तिसरा, लावून विकावी का? याचा विचार जरूर करा, पण डोळे उघडे ठेवून. रानातून मुळं खणून विकणं हा मार्ग नव्हे. मूळ काढायचं म्हणजे झाडच उपटायचं. पाला तोडला तर फुटतो, मूळ काढलं तर झाड संपलं. रिसर्पिनची मागणी वाढल्यावर आपल्या देशातल्या रानांतली सर्पगंधा एवढी ओरबाडली गेली, की कंपन्यांना आफ्रिकेतल्या तिच्या थोरल्या बहिणीकडे वळावं लागलं. चीननेही आपल्या रानातली तिची एक बहीण शोधून, तिच्या मुळापासून रक्तदाबाच्या गोळ्या केल्या. आज दुर्मीळ वनस्पतींच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात सर्पगंधेचं नाव आहे, १९९०पासून. जंगलातून ती खणून विकताना पकडलं तर वनखातं कारवाई करू शकतं, आणि शहरातला व्यापारी त्यावेळी पाठीशी उभा राहात नाही.

लागवड करता येते. पण बी फार कमी उगवतं, रोपं किंवा मुळांचे तुकडे लावावे लागतात, आणि मूळ विकण्याजोगं व्हायला दीड ते तीन वर्षं जातात. सावली चालते, त्यामुळे आंब्याकाजूच्या बागेत जागा मिळू शकते. पण पाणी साचलं की मूळ कुजतं, आणि आपल्याकडचा पाऊस तुम्ही जाणताच. म्हणून गटाने उडी मारण्याआधी चार गोष्टी कागदावर घ्या. रोप खरं सर्पगंधेचंच आहे ना? बागांमध्ये तिची एक परदेशी बहीण मिळते, तिला एका पेरावर चार लहानमोठी पानं असतात आणि ती सर्पगंधा म्हणून खपवली जाते. दुसरं, घेणारा कोण आणि भाव लेखी देतो का? तिसरं, लागवडीची नोंद कृषी खात्याकडे आणि वनखात्याकडे कशी करायची? मूळ रानातलं नसून शेतातलं आहे, हे दाखवायला कागद लागतो. चौथं, तीन वर्षं पैसा अडकून राहिला तर गटाला झेपेल का? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात हे सगळं विचारता येतं. चौघीजणी मिळून गेलात तर उत्तरं नीट मिळतात, हा आपला नेहमीचा अनुभव.

आणि एक विनंती. परसात झाड लावलंच, तर त्यावर चिठ्ठी बांधा आणि घरातल्या मुलांना सांगा. ती काळीजांभळी फळं करवंदासारखी दिसतात. पोरं तोडून तोंडात टाकतील.

गटाच्या बैठकीत करण्यासारखं

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरात चालू असलेली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा. गोळ्या, चूर्णं, काढे, जत्रेतून आणलेल्या पुड्या, शेजारणीने दिलेल्या मुळ्या, सगळं. आशाताईंना बोलवा. ज्या पुडीवर नाव नाही, मात्रा नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, ती बाजूला काढा. त्याच दिवशी सगळ्यांचा रक्तदाब मोजून घ्या आणि वहीत लिहा. डॉक्टर वकीलांनी मुंबईत पन्नास माणसांचा मोजून लिहून ठेवला, त्यातून जगाला औषध मिळालं. आपल्या गटात वीसजणी असल्या, तर वीस ओळींची वही पुरे. पण ती दर महिन्याला भरा.

आजी-पणजीने रानातलं मूळ ओळखलं, हे तिचं शहाणपण. त्या मुळात काय आहे आणि ते किती घ्यायचं हे विचारणं, हे आपलं. पुढच्या भागात आपण बोलणार आहोत पाळी जाण्याच्या वयातल्या तक्रारींवर. तुमचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून नेहमीच्या पेटीत टाका. नाव नाही लिहिलं तरी चालेल.

येतो आम्ही. काळजी घ्या!